गुन्हेशास्त्राचा एक प्राध्यापक आणि आपले वसतिगृह

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडे लेख मागितला जातो, तेव्हा साधारणतः आठवणींची अपेक्षा असते. पहाटेची घंटा, हौदावरची गार पाण्याची आंघोळ, भोजनगृहासमोरची थाळ्यांची रांग, रविवारी धुतलेल्या गणवेशांनी वाकलेली तार हे सारे आमच्याही मनात आहे, आणि या अंकात इतरांनी ते आमच्याहून चांगले लिहिले असेल. आम्हांला मात्र यंदा एका परदेशी प्राध्यापकाविषयी लिहायचे आहे. त्यांनी ही शाळा कधी पाहिली नाही, आणि आमच्या तुकडीतील एक जण समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असताना त्याच्या हाती त्यांचे एक छोटे पुस्तक पडले नसते, तर आम्हांलाही त्यांचे नाव कळले नसते.

लिहिण्याचे निमित्त मागील माजी विद्यार्थी मेळाव्यातील एका ठरावाचे आहे. वसतिगृहात चोऱ्या वाढल्या आहेत, मुलांच्या पेट्यांतून पैसे आणि मोबाइल जातात, अशी तक्रार काही पालकांनी मांडली. त्यावर असे ठरले की, वसतिगृहाच्या ओसरीत, जिन्यात आणि भोजनगृहात कॅमेरे बसवावेत, त्यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, आणि ज्याची चोरी सिद्ध होईल त्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच वेळी शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. वर केलेला हात आता खाली घेण्याची आमची कारणे पुढे मांडत आहोत.

निल्स क्रिस्टी यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९२८ रोजी नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे झाला. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य त्या देशात शिरले तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा सतरा वर्षांचे. युद्ध संपल्यावर नॉर्वेची स्वतःविषयीची समजूत साधी व सुखकर होती. आपण सारे देशभक्त, शत्रूला सामील झालेले मूठभर लोक तेवढे नीच. त्या मूठभरांचा म्होरक्या क्विसलिंग याला ऑक्टोबर १९४५ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्याचे नाव युरोपातील अनेक भाषांत देशद्रोह्याला प्रतिशब्द म्हणून रूढ झाले.

त्या समजुतीच्या आड मात्र एक अवघड गोष्ट उभी होती. १९४२ पासून जर्मनांनी युगोस्लाव्हियातून हजारो कैदी, मुख्यतः सर्बियन, उत्तर नॉर्वेत आणले. नार्विकजवळचे बाइसफ्योर्ड, त्याहूनही उत्तरेकडचे कारासयोक, अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. बर्फात रस्ते खोदण्याच्या कामाला जुंपलेल्या या माणसांपैकी बहुसंख्य पहिल्या वर्षभरातच उपासमार, रोगराई, मारहाण आणि सरळ हत्या यांनी मेली. छावण्यांचा हुकूम जर्मनांचा होता. परंतु सुरुवातीच्या काळात पहाऱ्यावर नॉर्वेजियन तरुणही होते. नॉर्वेच्याच खेड्यापाड्यांतून आणि गावांतून आलेली, कुणाची तरी मुले आणि कुणाचे तरी भाऊ असलेली ही पोरे होती. युद्धानंतर त्यांच्यापैकी काहींवर खटले चालले व शिक्षा झाल्या.

समाजशास्त्राचा विशीतला एक विद्यार्थी म्हणून क्रिस्टी या पहारेकऱ्यांकडे गेले. खटल्यांची कागदपत्रे त्यांनी वाचली, शिक्षा भोगणाऱ्यांना तुरुंगात जाऊन भेटले, आणि त्याच छावण्यांत पहारा करूनही ज्यांनी कुणाला मारले नव्हते अशांचाही शोध घेतला. दोन गट समोरासमोर ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला: तोच हुकूम, तीच थंडी, तीच उपासमार, तरी एकाने मारले आणि दुसऱ्याने का मारले नाही?

लोकांना अपेक्षित असलेले उत्तर उघड होते. मारणारे विकृत असणार, राक्षस असणार. क्रिस्टींना राक्षस भेटले नाहीत. सामान्य माणसे भेटली. ज्यांनी हाल केले, त्यांच्या डोळ्यांसमोर कैदी म्हणजे दूरच्या देशातले गलिच्छ, हावरट, न समजणाऱ्या भाषेत ओरडणारे जनावरांसारखे प्राणी होते. ज्यांनी हाल केले नाहीत, त्यांच्या बाबतीत कधीतरी एखादी क्षुल्लक गोष्ट घडून गेली होती. कैद्याने मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये दोन शब्द बोलून दाखवले होते, किंवा चिंध्यांत जपून ठेवलेले बायकोमुलांचे छायाचित्र काढून दाखवले होते. छायाचित्र पाहिल्यानंतर त्या माणसावर काठी उगारणे पहारेकऱ्याला कठीण गेले. एवढेच.

हा निष्कर्ष १९५२ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात लेखरूपाने आला, आणि नॉर्वेत त्याची चर्चा झाली नाही. शत्रूला सामील झालेले लोकही आपल्यासारखेच होते, आणि आपणही त्या जागी तसेच वागलो असतो, हे ऐकण्याची कुणाची तयारी नव्हती. संपूर्ण अभ्यास पुस्तकरूपाने निघण्यास १९७२ साल उजाडावे लागले. आम्हांला या वीस वर्षांच्या मौनाचे आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडेही एखाद्या गावात अत्याचार घडला की ‘बाहेरच्या काही समाजकंटकांनी’ तो केला असेच प्रथम सांगितले जाते.

पुढची कारकीर्द बाहेरून पाहता एखाद्या यशस्वी प्राध्यापकाची असावी तशीच आहे. १९६० मध्ये तरुण कायदाभंग करणाऱ्यांवरील प्रबंधास डॉक्टरेट, १९६६ मध्ये ओस्लो विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत गुन्हेशास्त्राचे प्राध्यापकपद, आणि नॉर्वेतील या विषयाचे पहिले प्राध्यापक असा मान. पदांची व सन्मानांची यादी येथे देण्यात अर्थ नाही. त्यांनी काम कोणत्या बाजूने केले ते पाहण्याजोगे आहे. त्या काळी नॉर्वेत रस्त्यावर पडलेल्या दारुड्यांना व बेघरांना वर्षानुवर्षे सक्तमजुरीला पाठवण्याची सोय १९०० सालच्या एका कायद्याने करून ठेवली होती. क्रिस्टी आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध लिहीत राहिले; १९७० मध्ये ती सक्तमजुरी रद्द झाली. १९८१ च्या ‘वेदनेच्या मर्यादा’ या पुस्तकात त्यांनी एक साधी मागणी केली. शिक्षेला उपचार, सुधारणा, पुनर्वसन अशी गोड नावे देऊ नका. शिक्षा म्हणजे जाणूनबुजून दिलेली वेदना, हे तोंडाने उच्चारा, आणि मग किती वेदना द्यायची ते ठरवा. १९९३ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, शिक्षा देणे हा आता एक उद्योग झाला आहे, आणि त्याला कच्च्या मालाची टंचाई कधीच पडत नाही. त्या सुमारास नॉर्वेत दर लाख लोकसंख्येमागे साठच्या आसपास माणसे तुरुंगात होती आणि अमेरिकेत पाचशेहून अधिक. अमेरिकेतली माणसे नॉर्वेतल्या माणसांहून आठपट वाईट आहेत, असे तर कुणी म्हणणार नाही.

त्यांच्या लेखनपद्धतीविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. लिहिताना आपली एखादी लाडकी आत्या किंवा मावशी डोळ्यांसमोर ठेवावी, आणि तिला जे कळणार नाही ते पुन्हा लिहावे, असा त्यांचा सल्ला असे. विद्यापीठांतून निघणारे मराठी शोधनिबंध वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना या सल्ल्याची किंमत वेगळी सांगायला नको.

ज्या १९५२ साली क्रिस्टींचा तो लेख छापला गेला, त्याच वर्षी आपल्या देशात एक घटना घडली. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे वेळोवेळी वाढवला गेला, आणि अखेर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून रद्द झाला. या कायद्याने कुठलाही गुन्हा न करता, केवळ एका जमातीत जन्म झाला म्हणून, लाखो माणसांना गुन्हेगार ठरवले होते. पोलीसपाटलाकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आतली वसाहत. त्या तारेलाच सेटलमेंट म्हणत. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण एका टोकाला एक संशोधक सांगत होता की माणूस दिसला की हात आवरतो, आणि दुसऱ्या टोकाला एक कायदा ऐंशी वर्षे माणूस दिसूच नये याची व्यवस्था करत आला होता. कायदा गेला. शिक्का गेला नाही. तो आमच्या वसतिगृहापर्यंत आला होता, आणि तो आणणारे आम्हीच होतो.

सातवीत असताना आमच्या खोलीतील एका मुलाचे मनगटी घड्याळ गेले. त्याच्या मामाने मुंबईहून पाठवलेले, निळ्या तबकडीचे. अधीक्षकांनी सर्वांना ओसरीत उभे करून विचारले, ‘कुणावर संशय आहे का?’ आम्ही एका सुरात एक नाव घेतले. तो मुलगा पारधी समाजाचा होता. आदल्या संध्याकाळी तो कुठे होता हे आमच्यापैकी कुणीही पाहिले नव्हते. त्याची पत्र्याची पेटी सर्वांसमोर उघडली गेली. आत दोन कपडे, एक फाटका नकाशासंग्रह, काड्यापेटीत ठेवलेले चिमणीचे पीस आणि गुळाचा एक खडा निघाला. घड्याळ निघाले नाही. तरीही त्या दिवसापासून त्याच्या शेजारी पंगतीत कुणी बसेना. अधीक्षक कठोर नव्हते. त्यांनी त्याला मारले नाही, काढूनही टाकले नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याची आई आली, फाटकाबाहेर उभी राहिली, आणि तो पेटी डोक्यावर घेऊन तिच्या मागून गेला. घड्याळ पुढेही कधी सापडले नाही.

तो मुलगा अडीच वर्षे आमच्या शेजारच्या सतरंजीवर झोपत होता. आज आम्ही चौघे-पाच जण एकत्र बसून आठवण्याचा प्रयत्न केला, तर त्याच्या गावाचे नाव कुणालाही सांगता आले नाही. त्याला भावंडे किती, बाप होता की नव्हता, चिमणीचे पीस त्याने कशासाठी ठेवले होते, काहीच माहीत नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील स्वतः गावकुसाबाहेर वाढलेले. शाळेत पाण्याच्या माठापासून दूर उभे राहिल्याच्या गोष्टी आम्ही घरी ऐकल्या होत्या. त्या गोष्टींनी आम्हांला त्या ओसरीत काही शिकवले नाही, हे सांगताना संकोच वाटतो, परंतु खरे तेच आहे.

क्रिस्टींच्या एका पुस्तकात शेजारी-शेजारी असलेल्या दोन इमारतींची गोष्ट आहे. एका इमारतीचे बांधकाम अर्धवट राहिले, म्हणून रहिवाशांना जिन्यापासून दारापर्यंत सारे मिळून उरकावे लागले. त्या धडपडीत सर्वांची सर्वांशी ओळख झाली. दुसरी इमारत पूर्ण, नीटनेटकी, प्रत्येकजण आपापल्या दाराआड. सुटीच्या सकाळी दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत एक माणूस बिअरच्या बाटल्या घेऊन बसतो, भोवती जमलेल्या लहान मुलांशी बोलतो, आणि थोड्या वेळाने झुडपामागे लघवीला जातो. पहिल्या इमारतीतील लोकांना तो अमुक बाईंचा मुलगा म्हणून ठाऊक आहे: थोडासा अधू, मुलांत रमणारा, निरुपद्रवी. ते त्याच्या घरी कळवतात. दुसऱ्या इमारतीच्या खिडकीतून मात्र मुलांच्या घोळक्यात शिरलेला, अश्लील वर्तन करणारा अनोळखी पुरुष दिसतो. तेथून फोन पोलिसांना जातो. कृती एकच. पहिल्या इमारतीने तिला ओळखीच्या नजरेने पाहिले म्हणून ती किरकोळ राहिली, दुसरीने पाहिली तेव्हा ती गुन्हा झाली.

कॅमेरा ही त्या दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे, असे आम्हांला वाटते. ओसरीतून रात्री एक मुलगा दुसऱ्याच्या खोलीत गेला, हे कॅमेरा बिनचूक सांगेल. तो ताप आलेल्या मित्राला गोळी द्यायला गेला की पेटी उघडायला, हे त्याला दिसणार नाही. ते ओळखीच्या माणसाला विचारून कळते, आणि आपल्याकडे शंभरावर मुलांमागे अधीक्षक एकच आहेत.

क्रिस्टींचा सर्वाधिक वाचला गेलेला लेख १९७७ चा. भांडण ही माणसांच्या मालकीची वस्तू आहे, आणि न्यायालये, वकील व तज्ज्ञ ती त्यांच्याकडून हिरावून घेतात, असा त्याचा आशय. आरंभी ते टांझानियातील अरुशा भागात पाहिलेला एक निवाडा सांगतात: मोडलेल्या वाङ्निश्चयानंतर एकमेकांना दिलेल्या वस्तूंचे काय करायचे, यावर एक तरुण व एक तरुणी खोलीच्या मध्यभागी उभे राहून बोलत आहेत, त्यांच्याभोवती नातलग व गावकरी मधूनमधून प्रश्न विचारत, हसत, सामील होत आहेत, आणि निवाडा करणारे जवळजवळ गप्प आहेत. मग ते आपल्या देशातील न्यायालयांचे चित्र मांडतात. शहराच्या कोपऱ्यातली इमारत, चक्रावून टाकणाऱ्या वाटा, आणि ज्यांचे भांडण आहे तेच दोघे सर्वांत मुके. ज्याचे नुकसान झाले त्याला साक्षीपुरते बोलावून घरी पाठवले जाते. ज्याने नुकसान केले त्याला समोरच्या माणसाला तोंड द्यावे लागत नाही. या विचारातूनच पुढे नॉर्वेत मध्यस्थी मंडळे उभी राहिली. १९९१ मध्ये त्यांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि किरकोळ चोरी, मारामारी, तोडफोड अशी कितीतरी प्रकरणे आजही तेथे समोरासमोर बसून मिटवली जातात.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी भुवया उंचावल्या असतील, आणि त्या उंचावणे योग्यच आहे. भोवती गावकरी, मध्ये उभे केलेले दोघे, आणि कायद्याची पुस्तके बाहेर! हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही. आपल्या आजोबांनी ते चावडीवर पाहिले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांमागे याच ओळखीच्या माणसांचा अनुभव होता. गावात सर्वांना सर्व ठाऊक होते: कुणाची जात कोणती, कुणाच्या डोक्यावर कर्ज किती, कुणी कुठल्या विहिरीवर जायचे नाही. ती ओळख हात आवरणारी नव्हती. अत्याचाराच्या प्रकरणात ‘गावात राहायचे आहे ना, मग मिटवून घ्या’ असे सांगत जे लोक दारात येतात, तेही ओळखीचेच असतात. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याचे प्रकार इतके झाले की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला. तेव्हा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, पोलीस ठाण्यातील नोंद आणि अनोळखी न्यायाधीश, या गोष्टी आपल्याकडच्या दुबळ्या माणसाला मोठ्या कष्टाने मिळालेल्या आहेत. त्या सोडून चावडीकडे परतण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ओस्लोचा प्राध्यापक असला तरी आम्ही ऐकणार नाही. स्त्रियांवरील घरगुती अत्याचारांच्या संदर्भात असाच आक्षेप पाश्चात्त्य अभ्यासक स्त्रियांनीही मध्यस्थीच्या विचारावर घेतला आहे, आणि तो आम्हांला बिनतोड वाटतो.

तरीही क्रिस्टींना आम्ही सोडत नाही. छावणीच्या पहारेकऱ्याला कैद्याविषयी माहिती पुष्कळ होती: त्याचा क्रमांक, त्याचा देश, त्याचे काम. गावालाही आपल्याविषयी माहिती पुष्कळ होती. दोघांकडेही छायाचित्र पाहण्याचा तो एक क्षण नव्हता, ज्यात समोरचा माणूस आपल्यासारखाच कुणाचा तरी बाप किंवा मुलगा म्हणून दिसतो. आमच्या मते भेद येथे आहे. जेथे एक बाजू बलवान व दुसरी दुबळी आहे, तेथे कायदाच हवा. जेथे सर्वच बारा-चौदा वर्षांची, एकाच पंगतीत जेवणारी मुले आहेत, तेथे कायद्याआधी दुसरे काही करून पाहता येते. मात्र आमच्या वेळची ती ओसरी आठवली की हेही कबूल करावे लागते की, मुलांमध्येही एक बाजू दुबळी असू शकते, आणि ती कोणती हे मोठ्यांना आधी ठाऊक असायला हवे.

शाळेविषयी क्रिस्टींनी १९७१ मध्ये एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. शीर्षकाचा अर्थ ‘शाळाच नसती तर’ असा. मुलांना घरात व शेतात काम उरले नाही म्हणून समाजाने त्यांना ठेवण्यासाठी एक कोठार बांधले, आणि मग त्या कोठारात त्यांची प्रतवारी सुरू केली, असे त्यांचे शाळेविषयीचे परखड मत. आमच्यासारख्यांना ते सर्वस्वी पटणारे नाही. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या उंबरठ्यावर बसवले गेले, त्यांच्यासाठी शाळा कोठार कधीच नव्हती. ती बाहेर पडण्याची एकमेव वाट होती. परंतु त्यांनी सुचवलेली एक दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे: शाळा ही मुलांसह चालणारी छोटी वस्ती असावी, जिच्यात प्रत्येकाला खरे काम असेल. उतारवयात ते विडारोसेन नावाच्या एका वस्तीशी जवळून जोडलेले होते. बौद्धिक वा अन्य अक्षमता असलेली माणसे आणि इतर लोक तेथे एकत्र राहतात, शेती व बेकरी चालवतात, आणि कोण रुग्ण व कोण सेवक हे पाहुण्याला चटकन ओळखता येत नाही. या वस्त्यांवर त्यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिले. २७ मे २०१५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ओस्लोत सायकलवरून जाताना झालेल्या अपघातानंतर त्यांचे निधन झाले. सत्त्याऐंशीव्या वर्षी सायकल, हेही आम्हांला त्यांच्याविषयी पुरेसे सांगून जाते.

आता ठरावाकडे. दाखल्याविषयीचा भाग कायद्यातच बसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्या कलमानुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. सर्वांसमोर पेटी उघडणे हा मानसिक छळ आहे की नाही, हे ज्याची पेटी उघडली गेली त्याला विचारावे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलाच्या हाती आपण दाखला देऊ त्याच्या घराजवळ दुसरी शाळा असेलच असे नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घराजवळ ती होती?

म्हणून कॅमेऱ्यांसाठी जमलेला निधी दुसऱ्या अधीक्षकाच्या वेतनासाठी वापरावा, आणि शक्यतो ते काम एखाद्या बाईंकडे द्यावे, असे आम्ही सुचवतो. मुख्य फाटकावर एक कॅमेरा राहू द्या, बाहेरून येणाऱ्यांसाठी. आतील ओसरीत नको. प्रत्येक मुलाच्या घरी वर्षातून एकदा शिक्षकांपैकी कुणीतरी जाऊन यावे, पालावर असो वा ऊसतोडीच्या फडावर, आणि जाताना त्याच खोलीतील एक सोबती बरोबर न्यावा; प्रवासखर्च आमची तुकडी पहिली तीन वर्षे देईल. चोरी झालीच, तर ज्याचे गेले तो, ज्याच्यावर ठपका आहे तो, आणि दोघांचेही भले चिंतणारा एकेक मोठा माणूस, एवढ्यांनीच बंद दाराआड बसावे. ‘कुणावर संशय आहे?’ हा प्रश्न ओसरीत सर्वांना उभे करून पुन्हा कधीही विचारला जाऊ नये. आणि पेट्यांना बरी कुलपे द्यावीत. चोरीवरचा हा सर्वांत स्वस्त उपाय मेळाव्यात कुणाला सुचला नाही, आम्हांलाही नाही.

हे सारे भाबडे आहे असे ज्यांना वाटते, त्यांचे म्हणणे ऐकण्यास आम्ही तयार आहोत. पालकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. उन्हातान्हात मजुरी करून पाठवलेले दोनशे रुपये मुलाच्या पेटीतून जातात तेव्हा आईच्या जिवाला काय होते, हे आम्ही जाणतो. पुढील मेळाव्यात ठराव पुन्हा मांडला जावा अशी लेखी विनंती आम्ही संस्थेकडे दिली आहे. तिच्यासोबत आणखी एक विनंती आहे: सातवीच्या त्या वर्षीचे प्रवेशनोंदीचे जुने रजिस्टर आम्हांला पाहू द्यावे. त्यात त्या मुलाच्या गावाचे नाव लिहिलेले असेल.